पांढरी पाचच्या जरा वर

“खालची पांढरी पाच धरली की आवाज हलतो गं. बाकी पट्ट्यांना नाही, हिलाच.” ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी कीबोर्ड माझ्या टेबलावर ठेवताना एवढंच सांगितलं. पांढरी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. दारापर्यंत गेल्यावर दुसरी तक्रार आठवली: फ्लॉपी घातली की पडदा कोरा होतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

हा सॅम्पलर आहे, नव्वदीच्या सुरुवातीचा. तो बाहेरचा आवाज माइकमधून घेतो, आकड्यांत साठवतो आणि पट्टी दाबली की ते आकडे हव्या त्या वेगाने वाचून स्वर काढतो. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट सीएमआय हा असाच सॅम्पलर आला तेव्हा ही चैन मोजक्या स्टुडिओंना परवडायची. पुढे ती आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांपर्यंत पोचली. काकांनी हा कीबोर्ड गणेशोत्सवात वाजवला, लग्नांत वाजवला, गडकरी रंगायतनमध्येही वाजवला. त्यांच्या एका फ्लॉपीत मित्राची ढोलकी आहे, घरीच रेकॉर्ड केलेली. सेकंदाला ३०,००० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा असा हिशेब धरला, तर १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम २४ सेकंद मावतात. तेवढ्यात ढोलकीचे सगळे बोल बसवलेत.

कीबोर्ड सुरू केला, हेडफोन लावला. कुठलीही पट्टी न दाबता बारीक घूं ऐकू येत होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. डायोड तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतात, म्हणून सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. हे उंचवटे सपाट करायचं काम कपॅसिटरचं, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याचं.

आपल्या इमारतीवरच्या टाकीसारखंच आहे ते. पाणी ठरावीक वेळी येतं, नळ मात्र दिवसभर चालतात. या कीबोर्डातल्या मुख्य टाकीची क्षमता ४७०० मायक्रोफॅरड. एक अँपिअरचा भार असला तरी दोन उंचवट्यांच्या मधल्या वेळात तिची पातळी १२ व्होल्टवरून फार तर १० वर उतरायला हवी. मी कपॅसिटर काढून मोजला तेव्हा १७०० मायक्रोफॅरडच उरले होते. म्हणजे पातळी ७ व्होल्टपर्यंत खाली जात होती. पुढे व्होल्टेज पाचावर स्थिर धरणारा रेग्युलेटर आहे आणि त्याला आत साधारण ७ व्होल्ट तरी लागतातच. काठावर कसंबसं चालू होतं. फ्लॉपीची मोटर फिरायला लागली की भार वाढायचा, पातळी काठाखाली जायची आणि प्रोसेसर सगळं विसरून नव्याने सुरू व्हायचा. काका नवा फ्लॉपी ड्राइव्ह शोधत होते. ड्राइव्ह ठणठणीत होता.

टाकी आटली कशी? या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरच्या आत अॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते. पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो, दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर जाडीचा, आणि वीज अडवून धरतो तो हाच थर. दुसऱ्या बाजूला द्रवात भिजवलेला कागद. सगळ्या कोरड्या यंत्रात हा एवढाच ओला भाग, आणि बुडाशी रबराचं बूच. त्या बुचातून द्रव वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत राहतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून बदलताना मी ८५ अंश सोसणारा नाही, १०५ अंश सोसणाराच घेते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर हवा तो मिळतो. जुना साठा मात्र घेऊ नये. नुसतं पडून राहिल्यानेही ऑक्साइडचा थर हळूहळू कमजोर होतो. माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये ते याचसाठी. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर थर पुन्हा धरू शकतो.

दुसरा आजार ईएसआरचा, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या रोधाचा. टाकी भरलेली आहे, पण बाहेर येणारा पाइप गंजून अरुंद झालाय. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसतात आणि माणूस फसतो. त्यासाठी ईएसआर मीटर वेगळा लागतो.

मग ऑडिओच्या सर्किटच्या पाटीकडे वळले. तिथे पृष्ठभागावरच सोल्डरने डाग देऊन बसवलेले चिमुकले कपॅसिटर होते. सोल्डरिंग आयर्न टेकवताच सुक्या मासळीसारखा वास आला. त्या काळच्या अशा अनेक कपॅसिटरांतल्या द्रवात अमोनिअमचे क्षार असत. ते रबर खाऊन बाहेर येतात, तांब्याचे ट्रॅक कुरतडतात आणि तापले की अमाइन वायू सोडतात. मासळीच्या वासामागेही अमाइनच असतं. एका कपॅसिटरखालचा ट्रॅक हिरवा पडून तुटला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं धुऊन तिथे केसासारखी तार जोडली.

यात घाई सर्वात महाग पडते. इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, टँटलम जातीच्या कपॅसिटरवरची धन. उलटा बसवला तर तो फुटू शकतो. सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याच्या मी ठाम विरोधात आहे. प्लास्टिकच्या पातळ थराचे फिल्म कपॅसिटर तीस वर्षांनीही छान असतात, आणि प्रत्येक अनावश्यक डागाबरोबर जुन्या पाटीवरचं तांबं उखडण्याचा धोका असतो. आणखी एक: काही कीबोर्डांत साध्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असतो, म्हणजे घरातली वीज थेट घेऊन ती वेगाने चालू-बंद करणारा पुरवठा. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३२५ व्होल्ट राहू शकतात. रोध लावून तो रिकामा केल्याशिवाय आणि मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नका.

काका घ्यायला आले तेव्हा मी आधी त्यांना खालची पांढरी पाच धरायला सांगितली. तिची कंपनं सेकंदाला ९८. विजेची घूं १०० ची, म्हणजे तिच्याहून किंचित चढी. दोन स्वर इतके जवळ आले की सेकंदाला दोनदा एकमेकांना उचलतात आणि पाडतात. तंबोरा लावताना तारा जुळत आल्या की ऐकू येतं तेच हे. काकांच्या कानाने बिघाड आधीच पकडला होता, फक्त तो पट्टीत शोधला होता. त्यांनी पट्टी बराच वेळ दाबून धरली, आता आवाज हलला नाही. मग फ्लॉपी आत सरकवली, मोटर घरघरली, पडदा तसाच राहिला.

“हा बघ सदाशिवचा हात,” म्हणाले, आणि ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा वाजवला.