बुटाचे पट्टे ओढून कुणी वर येत नाही

'पुल युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स' म्हणजे कुणाच्या कुबड्या न घेता स्वतःच्या हिमतीवर उभं राहा. आज अर्थ हाच, त्यात वाद नाही. पण हा मुळापासूनच स्वावलंबनाचा मंत्र होता, ही समजूत साफ चुकीची.

बूटस्ट्रॅप म्हणजे उंच बुटाच्या वरच्या काठाला शिवलेला पट्टा. त्यात बोट अडकवून बूट पायात चढवायचा. आता तोच पट्टा धरून स्वतःला जमिनीवरून उचलून बघा. हात जेवढ्या जोराने बूट वर ओढतो, तेवढ्याच जोराने बूट हाताला खाली खेचतो. बेरीज शून्य! १८३४ मध्ये अमेरिकेत एकाने अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला, तेव्हा वृत्तपत्राने टोमणा मारला, की आता हे महाशय बुटाचे पट्टे धरून नदीही ओलांडतील. जोएल डॉर्मन स्टील यांच्या १८८८ च्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तर 'माणूस असा स्वतःला का उचलू शकत नाही?' हा सरावाचा प्रश्नच आहे. पुढे विसाव्या शतकात थट्टा गळाली, उपदेश तेवढा उरला.

जर्मन कथांमधला थापाड्या सरदार बॅरन मुंखहाउझेन पट्टे ओढून दलदलीतून निघाला, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. मूळ कथेत तो स्वतःची वेणी धरून वर येतो, तेही घोड्यासकट.

संगणक 'बूट' होतो, म्हणजे सुरू होतो, तो मात्र खरोखर याच पट्ट्यांमुळे: प्रोग्रॅम चढवायला आधी प्रोग्रॅम हवा, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम यंत्रात कायमचा ठेवलेला असतो.