वाळू गेली, रबर आलं: खेळण्यांखालच्या जमिनीचा मागोवा

बागेत नवी खेळणी बसवायची ठरली की पहिली मागणी होते खाली रबर टाकण्याची. मागणी रास्त असली तरी तिच्यामागचा इतिहास तितका सरळ नाही.

1880च्या दशकात बर्लिनचं पाहून बॉस्टनमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅममध्ये रिकाम्या कोपऱ्यांवर शेकडो छोटी मैदानं झाली, त्यांतही वाळूचे हौद होते. ही वाळू खेळायची होती. पडल्यावर डोकं वाचावं म्हणून ती कोणी टाकली नव्हती.

डोक्याचा हिशेब 1970 नंतर सुरू झाला. अमेरिकेत नुकसानभरपाईचे खटले वाढले आणि 1981मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं मैदानांच्या सुरक्षेची पुस्तिका काढली. युरोप 1998मध्ये सामायिक मानकावर आला. यातले काही नियम निर्विवाद होते. उदाहरणार्थ, कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट 89 मिलिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर 230पेक्षा जास्त. मधल्या मापाच्या फटीतून लहान मुलाचे पाय आणि धड निसटतं, डोकं वर अडकतं आणि मूल लटकतं.

वाद झाला पडण्याच्या नियमावर. सेन्सर बसवलेलं नकली डोकं वेगवेगळ्या उंचीवरून जमिनीवर टाकायचं आणि आघाताचा निर्देशांक मोजायचा. ज्या उंचीला तो 1000ला टेकतो, त्याहून उंच खेळणं त्या जमिनीवर बसवायचं नाही. हा निर्देशांक मोटारींच्या धडकांच्या अभ्यासातून आलेला, म्हणजे डोक्याच्या दुखापतीचा. मैदानावर मोडतो तो बहुतेकदा हात, आणि हाताबद्दल हा आकडा फारसं काही सांगत नाही. टोरांटोच्या शाळांमधला 2009चा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. लाकडाच्या चिपाट्यांवर पडलेल्या मुलांचे हात वाळूवर पडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त मोडले, असं त्यात आढळलं. म्हणजे अडगळीत टाकलेली वाळू निदान हातांच्या बाबतीत सरस ठरली.

वाळूच्या मापावरही एकमत नाही. अमेरिकी पुस्तिकेच्या तक्त्यात 9 इंच (सुमारे 23 सेंटिमीटर) वाळूला जेमतेम 4 फुटांची (सुमारे 1.2 मीटर) पड मान्य आहे. युरोपच्या तक्त्यात 30 सेंटिमीटर थराला, त्यातले 10 खेळताना पांगतील असं धरून, 2 मीटर. मुलं तीच, वाळूही साधारण तीच.

ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या एका मोहिमेनंतर रबरी जमिनींवर भरपूर पैसा ओतला गेला. 2002च्या एका अहवालानं या खर्चाच्या उपयोगाबद्दलच शंका घेतली. त्या पैशात आणखी मैदानं झाली असती, हा टीकाकारांचा मुद्दा मला अजूनही पटतो. रबराच्या बाजूनं सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे: चाकाची खुर्ची वाळूत रुतते, रबरावर चालते. शिवाय वाळू रोज उकरावी लागते, तिच्यात काचा सापडतात आणि मांजरं तिचा काय उपयोग करतात ते सांगायला नको. रबर जिंकलं ते मुख्यतः झाडूवाल्याच्या सोयीमुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपल्याकडे रबर आलं ते या सगळ्या वादाला वळसा घालून. आधी घसरगुंडीखाली शहाबादी फरशी, मुरूम किंवा पेव्हर ब्लॉक असायचे, त्यामुळे तुलनेत रबर ही सुधारणाच. पण माझ्या पाहण्यातल्या निविदांमध्ये रबराचा रंग आणि जाडी असते, किती उंचीवरून पडलेलं चालेल हे नसतं. मग अडीच मीटरच्या मनोऱ्याखालीही तीच पातळ टाइल येते, जी सीसॉखाली असते. पावसाळ्यात तिचे कोपरे उचलतात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गडद रबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. चटक्यांचा इशारा अमेरिकी पुस्तिकेतही आहे.

अलीकडे प्रश्न रसायनांकडे वळला आहे. जुन्या टायरचे दाणे मैदानावर सुटे टाकायचे असतील तर त्यांतल्या आठ घातक संयुगांची बेरीज किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवी, अशी मर्यादा युरोपात ऑगस्ट 2022पासून लागू झाली. आपल्याकडच्या निविदांत दाणे टायरचे की नव्या रबराचे, एवढं जरी कंत्राटदाराकडून लेखी घेतलं, तरी पुढची चाचणी मागायला आधार मिळेल.