1914 चा तो टोप्या उडवणारा फोटो

'युद्ध लोकांनाच हवं असतं. 1914 साली सगळा युरोप आनंदाने रस्त्यावर उतरला होता.' हा मजकूर आणि सोबत पहिलं महायुद्ध सुरू होतानाच्या, टोप्या उडवणाऱ्या गर्दीचा फोटो. आमच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही तो फिरत असतो.

असे फोटो खोटे नसतात, म्हणूनच ते पटतात. पण नागपूरच्या व्हेरायटी चौकातली गर्दी पाहून काटोलच्या संत्रा बागायतदाराचं मत कळत नाही. त्या फोटोंत बहुतेक बर्लिनसारखी मोठी शहरं आहेत आणि डोक्यांवर गवती हॅट, म्हणजे विद्यार्थी नि मध्यमवर्ग जास्त. जुलैच्या अखेरीस त्याच बर्लिनमध्ये हजारो कामगार युद्धाविरुद्ध निघाले होते. 1 ऑगस्टला सैन्य जमवण्याचा हुकूम सांगायला फ्रान्सच्या खेड्यांत चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा कापणी चालू होती; शेतातल्या कित्येकांना कुठे आग लागली असंच वाटलं. गावच्या शिक्षकांनी तेव्हा करून ठेवलेल्या नोंदींत धक्का आणि अश्रू जास्त, जल्लोष कमी. उत्साह वाढतो तो नंतर, सैनिकांना निरोप देताना. तोवर 'हल्ला आपल्यावर झालाय' हे जवळजवळ प्रत्येक सरकारने आपापल्या लोकांना पटवलेलं होतं.

पडताळायचं तर आधी फोटोची तारीख बघा: युद्धाच्या घोषणेआधीची की नंतरची? (माझ्या मते अर्धं उत्तर इथंच मिळतं.) मग जागा बघा, शहर की खेडं. त्या आठवड्यातली पत्रं, रोजनिश्याही छापलेल्या सापडतात.