बाड्रुट घराणे

बाड्रुट घराणे : स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातील सेंट मॉरिट्झ या तळ्याकाठच्या गावातले हॉटेलवाल्यांचे घराणे. थंडीत मुद्दाम डोंगरावर राहायला जाण्याची प्रथा युरोपात रुजवण्याचे श्रेय या घराण्यातील योहानेस बाड्रुट (१८१९–८९) यांना दिले जाते. ते सगळेच्या सगळे त्यांचे नाही. पण त्यांच्याइतका फायदा त्यातून क्वचितच कोणाला झाला असेल.

घराण्याचे मूळ हॉटेलात नाही, बांधकामात आहे. योहानेस यांचे वडील, त्यांचेही नाव योहानेसच, पागिग या डोंगरी खेड्यातून एंगडीन खोऱ्यात आलेले बांधकाम कारागीर होते. समेडान येथे त्यांनी बेर्निना शिखरांचा देखावा दिसेल असे लहान हॉटेल काढले. मुलगा त्या धंद्यातच वाढला. खोरे तेव्हा गरीब होते आणि इथल्या माणसांना पोटासाठी देश सोडण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय होती. ग्राउब्युंडनचे मिठाईवाले तर १७६६ मध्ये हाकलले जाईपर्यंत व्हेनिसमध्ये भरभराटीत होते.

सेंट मॉरिट्झला लोक येत ते लोहयुक्त, फसफसणाऱ्या झऱ्याचे पाणी पिण्यासाठी आणि त्यात अंघोळ करण्यासाठी. झरा आणि स्नानगृहे खाली तळ्यालगतच्या सपाटीवर, तर गाव वर उतारावर. पैसेवाले पाहुणे खालीच उतरत. १८५६ च्या सुमारास योहानेस यांनी वरच्या गावातले फालर नावाचे लहान निवासगृह आधी भाड्याने घेतले आणि मग विकतच घेतले. त्याचे त्यांनी ‘एंगडीनर कुल्म’ केले. कुल्म म्हणजे माथा. झरा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी तळ्याचा देखावा आणि ऊन विकायला काढले.

अडचण होती ती मोसमाची. उन्हाळ्याचे चार महिने संपले की पाहुणे जात, नोकरचाकर घरी पाठवावे लागत आणि खोल्या वर्षाचा मोठा भाग रिकाम्या पडत. इमारतीवर घातलेले पैसे मात्र बाराही महिने अडकलेलेच. यावरच्या उपायाची गोष्ट गावात अशी सांगतात : १८६४ च्या सप्टेंबरात निघायच्या तयारीत असलेल्या इंग्रज पाहुण्यांना बाड्रुट म्हणाले, हिवाळ्यात या, इथे उन्हात नुसत्या सदऱ्यावर बसता येते. खोटे निघाले तर येण्याजाण्याचा खर्च माझा. खरे निघाले तर हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा. नाताळात ते बर्फगाडीने घाट ओलांडून आले, तेव्हा घोंगड्यांत गुंडाळलेले असूनही घामाघूम झाले होते आणि बाड्रुट सदऱ्याच्या बाह्या सारून दारात उभे होते. पाहुणे ईस्टरपर्यंत राहिले आणि उन्हाने रापून इंग्लंडला परतले. ते चार होते की सहा, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. इतकी गोळीबंद गोष्ट हॉटेलाच्या जाहिरातीलाच जास्त शोभते. शिवाय शेजारच्या दाव्होसलाही १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन रुग्ण आले आणि तिथला हिवाळी मोसम सुरू झाला.

फरक पुढे पडला. दाव्होस क्षयरोग्यांचे गाव म्हणून वाढले. सेंट मॉरिट्झने धडधाकट, श्रीमंत आणि कंटाळणारे पाहुणे धरले. अशा माणसाला दिवसभर नुसत्या उन्हात बसवून चालत नाही. पाहुणे गावातल्या उतरत्या रस्त्यांवर घसरगाड्या सोडू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आदळू लागले. गावकरी कुरकुरले. मग योहानेस यांचा मुलगा पेटर याने पाहुण्यांबरोबर १८८४–८५ च्या हिवाळ्यात कुल्मच्या खालच्या अंगाला बर्फाची वळणदार घसरवाट बांधली. तीच ‘क्रेस्टा रन’. सु. १.२ किमी. लांबीची ही वाट दर हिवाळ्यात नव्याने घडवावी लागते. स्वार पालथा, डोके पुढे करून झोपतो. वेग आवरायला बुटांच्या टोकांना दातेरी पोलाद असते. ‘शटलकॉक’ या वळणावर जो बाहेर फेकला जातो, तो आपोआप त्याच नावाच्या मंडळाचा सभासद होतो. १९२९ पासून २०१८ पर्यंत इथे स्त्रियांना मज्जाव होता.

योहानेस यांना यंत्रांचीही हौस होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात विजेचे दिवे पाहून ते भारावले आणि १८७९ मध्ये कुल्मच्या भोजनगृहात पाण्याच्या शक्तीवर निर्माण केलेल्या विजेचे दिवे लागले. हे स्वित्झर्लंडमधले पहिले विद्युत्दिवे मानले जातात. सामान्य शहरवासी रॉकेलच्या उजेडात जेवत होता, तेव्हा डोंगरातल्या एका गावात पाहुणे विजेखाली सूप पीत होते.

त्यांच्या पश्चात घराण्यात दोन घरे झाली. कुल्म पेटरकडे राहिले. कास्पार या दुसऱ्या मुलाने तळ्याच्या वरच्या अंगाला ‘पॅलेस’ उभारले आणि ते १८९६ मध्ये खुले झाले. १९०४ मध्ये कास्पार वारले. त्याच वर्षी रेल्वे गावात पोचली आणि घोडागाडीचा लांबलचक प्रवास संपला. कास्पार यांचा मुलगा हान्स याने पुढची जवळपास पन्नास वर्षे पॅलेस सांभाळले. त्या काळात गावाने १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक पाहिली, मधे दुसऱ्या महायुद्धात ओस पडलेली हॉटेले पाहिली. नंतर आन्द्रेआ आणि हान्सयुर्ग हे हान्सचे मुलगे आले. हान्सयुर्ग आणि त्यांच्या पत्नीला मूल नव्हते. त्यांनी हॉटेलातला आपला मोठा हिस्सा तिथल्या व्यवस्थापकाकडे सोपवला. कुल्म त्याआधीच ग्रीक जहाजमालक निआर्कोस घराण्याकडे गेले होते. पाटीवर मात्र ‘बाड्रुट्स पॅलेस’ हेच नाव आहे, आणि फेब्रुवारीत खालच्या गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती लागल्या की त्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी त्याच्या खोल्या भरतात.