आयर्लंडमध्ये एकाच पक्षाचे सरकार कसे बनते? पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे गाड्या राजभवनाकडे निघतात. पाठिंब्याची पत्रे, सत्तास्थापनेचा दावा, शपथविधी, आणि त्यानंतर विधानसभेत बहुमताची चाचणी. आयर्लंडमध्ये क्रम उलटा आहे. तिथे आधी सभागृहात मतदान होते, मग राष्ट्रपती नेमणूक करतात. सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावणे पाठवण्याचा प्रश्नच राष्ट्रपतींपुढे येत नाही.

आधी तीन शब्द. कनिष्ठ सभागृह म्हणजे 'डॉइल', पंतप्रधान म्हणजे 'टीशॉक' आणि डॉइलचा सदस्य म्हणजे 'टीडी'. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपासून डॉइलमध्ये 174 जागा आहेत, म्हणजे बहुमताचा आकडा 88.

पात्रता

डॉइलची निवडणूक लढवायला आयरिश नागरिकत्व आणि वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. पक्षाच्या उमेदवाराने अर्जासोबत पक्षाचे प्रमाणपत्र जोडायचे. अपक्षाने मतदारसंघातल्या 30 मतदारांचा पाठिंबा दाखवायचा किंवा 500 युरो अनामत भरायची.

सरकारसाठी घटनेने घातलेल्या अटीही मोजक्याच आहेत. टीशॉक धरून मंत्रिमंडळात किमान 7 आणि जास्तीत जास्त 15 जण. टीशॉक, उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री हे तिघे डॉइलचेच सदस्य हवेत. वरिष्ठ सभागृहातून फार तर दोघे मंत्री घेता येतात. संसदेबाहेरच्या माणसाला आधी मंत्री करून सहा महिन्यांत निवडून आणायची आपल्याकडची सोय तिथे नाही.

क्रम

मतदानापासून 30 दिवसांच्या आत नव्या डॉइलची बैठक व्हावी लागते. पहिले काम सभापती निवडण्याचे. मग टीशॉकपदासाठी सुचवलेली नावे एकेक करून मताला टाकली जातात. एखादे नाव मंजूर झाले की तो नेता राष्ट्रपती भवनात जातो. राष्ट्रपती नेमणूकपत्रावर सही करून त्याच्या हाती पदाची मुद्रा, म्हणजे अधिकृत शिक्का, देतात. शपथ घ्यायची नसते. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण तिथे शपथविधीच्या जागी हा मुद्रा सोपवण्याचा समारंभ असतो. नवा टीशॉक सभागृहात परततो, मंत्र्यांची नावे वाचतो आणि त्या सगळ्या यादीवर मिळून एक मतदान होते. ते मंजूर झाले की मंत्रीही राष्ट्रपती भवनात जाऊन आपापल्या मुद्रा घेतात.

88 जागा नसल्या तर?

इथेच खरी गोम आहे. घटनेला 88 मते लागत नाहीत. हजर राहून मत देणाऱ्यांमध्ये 'हो' म्हणणारे जास्त हवेत, इतकेच. तटस्थ राहणारा हिशेबातून बाहेर पडतो. सभापती मत देत नाही, पण दोन्ही बाजूंची मते समान पडली तर निर्णायक मत त्याचे. म्हणून अल्पमतातला एक पक्षही एकट्याने सरकार बनवू शकतो.

एका पक्षाला स्पष्ट बहुमत शेवटचे मिळाले ते 1977 मध्ये. जॅक लिंच यांच्या फियाना फॉल या पक्षाने 148 पैकी 84 जागा जिंकल्या होत्या. त्यानंतरची एकपक्षीय सरकारे अशी काठावरच उभी राहिली. 10 मार्च 1987 चा दिवस पाहा. सभागृह 166 जणांचे, फियाना फॉलकडे 81. पक्षाचे नेते चार्ल्स हॉही यांच्या नावावर 82 विरुद्ध 82 मते पडली. डब्लिनचे अपक्ष टोनी ग्रेगरी तटस्थ बसले. त्याच दिवशी निवडलेल्या सभापतींनी, शॉन ट्रेसी यांनी, आपले मत हॉहींच्या बाजूने टाकले आणि सरकार बनले.

पाठिंब्याचे पत्र लागते का?

घटनेच्या दृष्टीने कुठलेही पत्र लागत नाही. आघाडी असेल तर लिखित किमान कार्यक्रम ठरतो. एकट्या पक्षाला तो गरजेचा नाही. पण अल्पमतात असाल तर कुणाशी तरी बोलणी करावीच लागतात. 1982 मध्ये याच ग्रेगरींनी हॉहींकडून डब्लिनच्या जुन्या वस्त्यांसाठी घरे आणि रोजगाराचा करार सहीनिशी घेतला आणि डॉइलमध्ये उभे राहून तो वाचून दाखवला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पाठिंब्याची किंमत काय, हे मतदारांना सभागृहातच कळले.

नाव मंजूरच झाले नाही तर जुने सरकार काळजीवाहू म्हणून काम पाहत राहते. जून 1989 मध्ये पक्षाकडे 77 जागा असताना टीशॉकपदासाठी हॉहींचे नाव नामंजूर झाले. त्यांनी राजीनामा दिला, पण काळजीवाहू राहिले आणि जुलैमध्ये त्यांच्या पक्षाला पहिल्यांदाच दुसऱ्या पक्षासोबत आघाडी करावी लागली. 2024 च्या निकालात सर्वांत मोठ्या पक्षाकडे 48 जागा होत्या. त्यामुळे एकट्याने सरकार बनवण्याची बात निघालीच नाही, आणि नवे सरकार 23 जानेवारी 2025 ला आघाडीचेच आले.

टीशॉक मध्येच बदलला, तरी मतदान आणि मुद्रा हा क्रम चुकत नाही. 2017 मध्ये लिओ वराडकर याच वाटेने त्या पदावर पोहोचले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. टीशॉक असताना 2019 च्या डिसेंबरात ते तिथे येऊनही गेले.

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी

डॉइलच्या निवडणुकीत आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांनाच मत देता येते. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना हा हक्क नाही, पण स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मात्र मतदान करता येते. वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत. ऑनलाइन नोंदणीला पीपीएस क्रमांक (सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड) लागतो. आयरिश नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, दोन्ही ठेवता येत नाहीत. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार यादीतली आपली नोंद बदलून घ्या, नाहीतर यादीत नाव असूनही डॉइलची मतपत्रिका हाती येणार नाही.