लाळचाचणी (मुलांचे श्वसनसंसर्ग)

सर्दी, ताप, खोकला असलेल्या मुलाच्या लाळेत रोगजंतू किंवा त्यांना शरीराने दिलेल्या प्रतिसादाच्या खुणा शोधणारी तपासणी. सुई टोचावी लागत नाही आणि नाकात खोलवर काडीही घालावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. घाबरलेले मूल मान झटकते तेव्हा स्वॅबचा नमुना नीट मिळत नाही. बेडका मागावा तर लहान मुले तो गिळून टाकतात.

मोठे मूल तोंडात साठलेली लाळ नळीत सोडते. तान्ह्याच्या गालाच्या आत शोषक बोळा धरतात. त्याआधी साधारण अर्धा तास खाणेपिणे, दूध पाजणे टाळतात. लाळ घट्ट आणि तार धरणारी असल्याने प्रयोगशाळेत ती मोजून घेणे जिकिरीचे असते.

कोविडकाळात या पद्धतीला वेग आला. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ‘सलायव्हाडायरेक्ट’ या लाळचाचणीला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली. या चाचणीत विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) वेगळा काढण्याची पायरीच नाही: लाळेत प्रोटिनेज-के हे विकर मिसळून ती तापवतात आणि थेट आरटी-पीसीआरला (विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या तपासणीला) लावतात. नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने सलाइनच्या गुळण्यांवर बसवलेल्या आरटी-पीसीआर पद्धतीला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता मे २०२१ मध्ये मिळाली. गुळणीत घशातला ऐवजही येतो, म्हणून ती लाळचाचणीची सख्खी बहीण म्हणावी. मात्र गुळणी करता न येणाऱ्या बाळांना तिचा उपयोग नाही.

खरी अडचण निकालाचा अर्थ लावताना येते आणि ती जुनी आहे. रेबीजने दगावलेल्या एका मुलाच्या लाळेत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना न्यूमोकोकस हा न्यूमोनिया करू शकणारा जिवाणू सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना तोच जिवाणू स्वतःच्या, म्हणजे निरोगी माणसाच्या, लाळेत मिळाला. दोघांचे निष्कर्ष १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही अनेक धडधाकट मुलांच्या घशानाकात न्यूमोकोकस मुक्कामाला असतो. तेव्हा लाळेत तो सापडला एवढ्यावरून न्यूमोनिया त्यानेच झाला असे म्हणता येत नाही, आणि प्रतिजैविक सुरू करायला तेवढा आधार पुरेसा नाही.

म्हणूनच लाळेतील सी-रिॲक्टिव्ह प्रथिनासारख्या दाहदर्शक (शरीरातला दाह दाखवणाऱ्या) घटकांवर संशोधन चालू आहे. हे प्रथिन रक्ताच्या मानाने लाळेत फारच कमी असते, शिवाय हिरड्या सुजल्या असतील तर आकडा बिघडू शकतो. तोवर न्यूमोनियाचा संशय मुलाच्या श्वासावरूनच घ्यायचा: २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक. पोट उडत असेल, तर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.