‘सम’ने लिस्ट सपाट करणे : एका जुन्या समजाचा खुलासा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टच्या (घटकांच्या यादीच्या) आत लिस्ट असलेला डेटा सपाट करायचा असेल, म्हणजे आतल्या साऱ्या लिस्टचे घटक एकाच लिस्टमध्ये आणायचे असतील, तर बेरीज करणाऱ्या ‘सम’ (sum) फंक्शनला ती लिस्ट आणि सुरुवातीचे मूल्य म्हणून एक रिकामी लिस्ट द्यावी, आणि हे सारे एका ओळीत बसते म्हणून ते वेगवानही असते, असा समज बराच काळ पसरलेला आहे. उत्तर बरोबर येते, हे खरे. वेगाचा दावा मात्र चुकीचा आहे.

दोन लिस्टची बेरीज करताना, म्हणजे त्या एकमेकींना जोडताना, पायथन जुन्या लिस्टमध्ये भर घालत नाही, तर दोन्हींतील सर्व घटक कॉपी करून तिसरी, नवी लिस्ट तयार करते. प्रत्येकी १० घटकांच्या १,००० लिस्ट घेतल्या, तर पहिल्या बेरजेत १०, दुसरीत २०, तिसरीत ३० आणि अखेरच्या बेरजेत १०,००० घटक कॉपी होतात; म्हणजे मुळात १०,००० घटक असताना ५०,०५,००० वेळा कॉपी करावी लागते. लिस्टची संख्या दुप्पट झाली की हे काम जवळपास चौपट होते. चाचणीच्या छोट्या डेटावर हे जाणवतच नाही, आणि म्हणूनच हा समज टिकून राहिला असावा.

याऐवजी पायथनसोबतच येणाऱ्या ‘इटरटूल्स’ (itertools) मॉड्यूलमधील, लिस्ट एकापाठोपाठ जोडणारे ‘चेन’ (chain) वापरण्याचा विचार करावा, असे पायथनचे अधिकृत दस्तऐवजच सुचवतात. ‘चेन’ किंवा असलेल्या लिस्टमध्येच भर घालणारे ‘एक्स्टेंड’ (extend) वापरणारा साधा लूप घेतला, की काम घटकांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते. स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडायला तर ‘सम’ स्पष्ट नकार देते आणि त्यासाठीच असलेल्या ‘जॉइन’कडे (join) बोट दाखवते, लिस्टबाबत तसा अडसर नाही, हे माझ्या मते दुर्दैव आहे. अर्थात, या सर्व पद्धती एकच पातळी उलगडतात. त्याहून खोल रचनेसाठी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) किंवा स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढायची रचना) लागतो.